चौथी खुंटी

३ फेब्रुवारी

चिमणी येणार म्हणे! आणि ती येणार म्हणून मागच्या अंगणात मांडव पडणार!

सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीत नाहीत. कप तिथेच ठेवून धावले. न्हाणीघरात नाहीत, पुढच्या दारात नाहीत. शोधते तर कुठे — मागच्या अंगणात! एका हाताने भिंत धरलेली, पायात माझ्या चपला, आणि काठीने मातीत रेघा ओढताहेत. आई गेल्यापासून हा माणूस मागच्या दाराची पायरी उतरला नव्हता. मी सांगून सांगून थकले — बाबा, जरा उन्हात बसा, गुडघा मोकळा होईल. "नको." आणि धाकट्या लेकीचा काल एक फोन आला तर पायरी उतरून मोकळे!

म्हणाले, "ताई, इथे एक बैठक करायची. चार खांब, वर छप्पर, चारी बाजू उघड्या. चिमणीला घरात गुदमरल्यासारखं होतं."

आणि मला? मला काय फुफ्फुसं नाहीत?

४ फेब्रुवारी

चिमणी! वय अडतीस. पुस्तकांची मुखपृष्ठं करते, चष्म्याचा नंबर माझ्याहून जास्त, कपाळावर पांढरी बट — आणि चिमणी. ती जन्मली त्या दिवसापासून मी ताई. सगळ्यांची ताई. आईची ताई, शेजारच्या काकूंची ताई, बाबांची ताई. सख्ख्या बापाची ताई! माझं नाव घरात शेवटचं कोणी घेतलं ते आठवत नाही. ऑफिसात हजेरीला घेतात, तेवढंच.

ती बाबांना अरे-तुरे करते. "अरे बाबा, जेवलास का?" की बाबा हसलेच. मी जन्मभर अहो-जाहो. "बाबा, जेवलात का?" यात हसण्यासारखं काय असणार? यात नुसतं जेवणच असतं.

किती दिवसांसाठी येणार ते विचारलं नाही. येईल, पंधरा दिवस राहील, मला हे शिकवील, ते शिकवील, बाबांना घेऊन फोटो काढील आणि जाईल. दुरून डोंगर साजरे.

६ फेब्रुवारी

लॅबमध्ये आज कांद्याच्या बियाण्याचे नमुने होते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, ट्रे कपाटात ठेवायचे, मुदतीत किती उगवले ते बघायचं. उगवले नाहीत ते नापास. एवढंच काम, पण मला आवडतं. दाणा खोटं बोलत नाही.

मोठ्या मॅडम ट्रेपाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ती जागा अजून भरलेली नाही हं." आणि गेल्या. 

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं. समुद्राकाठच्या मोठ्या लॅबमध्ये बियाण्यांचं कोठार करताहेत — जुने, कुठेच न मिळणारे वाण जपून ठेवायचे. ते सगळं कोणीतरी सांभाळायला हवं. "तुमच्याशिवाय दुसरं नाव डोक्यात येत नाही," असं म्हणाल्या. मी म्हटलं, नको. वडील आहेत घरी. त्या म्हणाल्या, "बरं." संपलं!

आमच्या घरात पहिला "नको" कोणी धरत नाही. आणखी वाढू का? नको. मग वाढणाऱ्याने क्षणभर थांबून पुन्हा विचारायचं, तेव्हा खरं काय ते कळतं. आईने घालून दिलेली रीत. म्हणायची, "पहिला नको जिभेचा, दुसरा पोटाचा." बाबा अजून तसेच. चहा? नको. बाबा, चहा? आण. ते समजायला माणूस घरचं लागतं. माझंही तसंच, काय करणार. पण जगाला कुठे ठाऊक असणार आमची रीत!

चिमणी मात्र वेगळी. लहानपणापासून पहिल्यालाच "हो! आणि अजून थोडं!" आई म्हणायची, ही कुणाची गं? आणि कौतुकाने वाढायची.

बाबांना त्या जागेचं सांगितलं नाही. कशाला? तिथे जाणार थोडीच आहे मी.

८ फेब्रुवारी

मिस्त्री आला. बाबांबरोबर पूर्वी कामावर असायचा. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, आणि आखणी म्हणजे बाबा, हे सगळं खातं मानायचं. मिस्त्री त्यांना अजून "साहेब" म्हणतो. बाबांनी चक्क दाढी केली होती. कामावरची टोपी शोधून काढली — मीच शोधली, कपाटाच्या वरच्या फळीवर चढून — आणि घालून मागे जाऊन उभे. दोघं मिळून हसत काय होते! मी गेले की गप्प.

मिस्त्री त्याला "शेड" म्हणतो. बाबा "बैठक". चिमणीने फोनवर "पॅव्हेलियन" म्हटलं म्हणे. मी मांडव म्हणते. लग्न असल्यासारखाच थाट चाललाय!

पहिला बळी माझ्या कपड्यांच्या दोरीचा. दोन्ही खांब उपटले.

"बाबा, कपडे वाळत कुठे घालू?"

"गच्चीवर."

"गच्चीवर कोण चढणार? चिमणी?"

मिस्त्री हसला. बाबा नाही हसले.

९ फेब्रुवारी

दिवसभर साफसफाई. विहिरीकडच्या कोपऱ्यातली झुडपं काढली, फुटक्या कुंड्या, गंजलेली सायकल, पाण्याची तुटकी टाकी. चिमणीच्या झोपाळ्याची साखळी सापडली तर बाबांनी ती फडक्याने पुसून ठेवून दिली. खिळ्याला टांगून! माझी शाळेची लाकडी पेटी मिस्त्री जळणाला घेऊन गेला, ते त्यांना कळलंही नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "वाळवी होती तिला." साखळीला गंज चालतो, पेटीला वाळवी चालत नाही.

होय, जळते मी. लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! अंगाचा नुसता तिळपापड होतो. गोळ्या मी द्यायच्या, गुडघ्याला शेक मी द्यायचा, सुट्टीच्या दिवशी डॉक्टरकडे रांगेत मी बसायचं. आणि चार खांब कुणासाठी? जी दिवाणखान्यात बसली की तिला "कसंतरी होतं" तिच्यासाठी. आई गेली तेव्हा तेराव्या दिवशी बॅग उचलून गेली. म्हणाली, "ताई, मला इथे श्वास घेता येत नाही." मी आत भांडी घासत होते.

११ फेब्रुवारी

तिचा फोन आला. बाबांनी पहिल्या घंटीला उचलला. ऑफिसातून मी करते तेव्हा वाजून वाजून बंद पडतो.

१३ फेब्रुवारी

आज आखणी. अर्धी रजा काढली. म्हटलं, बाबा पडले-बिडले तर मिस्त्री काय सांभाळणार.

खरं सांगू? बघत राहावंसं वाटलं. बाबांनी स्टूल मागितलं नाही, काठी मागितली नाही. एक कड भिंतीला समांतर धरली, दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. मग तीन-चार-पाचचा त्रिकोण करून काटकोन काढला. तिसरी खुंटी. चौथी. मग दोन्ही कर्ण मोजले. टेपचं एक टोक मी धरलं होतं. हा कर्ण आणि तो कर्ण, दोन्ही अगदी सारखे! बाबा मिस्त्रीकडे बघून म्हणाले, "बघ. अजून हात विसरलेला नाही." चेहरा असा उजळला होता की मला लहानपण आठवलं.

आणि मग मी खाली बघितलं. चौथी खुंटी माझ्या डाळिंबाच्या बुंध्याला टेकली होती.

ते झाड माझं आहे. म्हणजे अंगण बाबांचं, घर बाबांचं, झाड माझं. लॅबमधलं नापास बियाणं होतं, मुदतीत एकही दाणा उगवला नव्हता, फेकून द्यायचं होतं. मी पदरात घालून आणलं आणि इथे टाकलं. पावसाळा होऊन गेल्यावर एक वर आला. उशिरा, पण आला. चार उन्हाळे बादलीने पाणी घातलंय. यंदा पहिल्यांदा फुलं धरलीत त्याने.

बाबा म्हणाले, "झाड हलवू. मिस्त्री मुळांसकट काढील."

फुलावर आलेलं झाड, आणि उन्हाळा तोंडावर! जगेल का ते? पण त्यांनी विचारलंच नव्हतं, सांगितलं होतं. मग मीही म्हटलं, "हलवा. मला काय!"

एकदा जरी म्हणाले असते, ताई, खरंच हलवू? पण नाही. टेप गुंडाळत आत गेले. चिमणीला फोन करायचा होता ना — आखणी झाली म्हणून!

१४ फेब्रुवारी

खुंटी हलवली.

दुपारी घरी आले तेव्हा बाबा झोपले होते, मिस्त्री जेवायला गेला होता. अंगणात कोणी नव्हतं. चौथी खुंटी उपटली, आत एक हात सरकवून पुन्हा ठोकली. दोरी परत ताणून बांधली. जुन्या भोकात माती दाबली, वर पायाने सारखं केलं. काय ते, पाच मिनिटांचं काम. डाळिंब दोरीच्या बाहेर आलं.

डाळिंबासाठी केलं असं लिहिणार होते. अर्धंच खरं आहे ते. तो मांडव वाकडा व्हावा असंही वाटत होतं. ती येईल, बसेल, आणि एक कोपरा वाकडा. बस्स, तेवढंच.

१५ फेब्रुवारी

हे काय होऊन बसलं!

सकाळी मिस्त्री खड्ड्यांना सुरुवात करणार होता. बाबांची सवय — कुदळ मारण्याआधी कर्ण पुन्हा मोजायचे. मोजले. जमेनात. पुन्हा मोजले. टेप उलटा धरून मोजले. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हातभर फरक येतोय."

मला वाटलं होतं, बाबा चिडतील, कोणी हलवली म्हणून ओरडतील, शेजारच्या मांजरावर नाही तर मिस्त्रीवर आळ घेतील. मीही मनात "मांजर असेल" तयार ठेवलं होतं. पण ओरडलेच नाहीत! तिथेच विटांच्या ढिगावर बसले. म्हणाले, "काल मी बरोबर वाचले होते ना रे आकडे?"

मिस्त्रीने समजूत घातली. "होतं साहेब. वयोमानाने नजर इकडची तिकडे होते. त्यात काय एवढं?"

"हातभर?" बाबा म्हणाले. "हातभर चुकलो मी?"

टोपी काढून मांडीवर ठेवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. एका हातात चाळणी. पीठ चाळत राहिले.

१६ फेब्रुवारी

जेवायला वाढलं. आणखी भाजी? "नको." थांबले, रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं — "बाबा, थोडी?"

"नको म्हटलं ना, ताई."

दुसरा नको. आई गेली त्या आठवड्यानंतर दुसरा नको ऐकला नव्हता मी.

१७ फेब्रुवारी

बाबांनी टेप मिस्त्रीला देऊन टाकला. कामावरचा, कातडी खोळीचा, ज्याला आम्हां दोघींना लहानपणी हात लावायची परवानगी नव्हती तो. म्हणाले, "तूच मोज. तुला जमेल तसं कर. माझ्यावर सोडू नकोस." मिस्त्री बिचारा टेप हातात घेऊन उभा.

मग आपल्याच खुर्चीत येऊन बसले. पायरी चढताना माझा हात धरला. गेले दोन आठवडे धरत नव्हते.

संध्याकाळी चिमणीचा फोन. बाबा म्हणाले, "सांग, झोपलोय."

कित्येक वर्षं मला हेच हवं होतं! तिचा फोन वाजावा आणि बाबांनी म्हणावं, नंतर. आणि आज म्हणाले, तर मलाच ऐकवेना.

तिला म्हटलं, झोपलेत. ती म्हणाली, "ताई, काहीतरी झालंय. खरं सांग." मी म्हटलं, "काही नाही गं. वय झालंय आता." आपल्या तोंडाने बोलले मी हे! फोन ठेवल्यावर तोंड धुतलं.

१८ फेब्रुवारी

सांगून टाकलं.

सकाळचा चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. बाबा म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "बाबा, खुंटी मी हलवली होती."

आधी त्यांना कळलंच नाही. मग कप खाली ठेवला. आता बसतो फटका, म्हटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षीही मी बाबांच्या रागाला भिते, काय सांगायचं!

"कुठली?"

"चौथी. डाळिंबाजवळची."

"किती?"

"एक हात."

"आतल्या बाजूला? विहिरीकडे की भिंतीकडे?"

"आत. भिंतीकडे."

बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला. "हां," म्हणाले, "मग फरक तेवढाच यायला हवा. बरोबर आहे. बरोबर आहे!" आणि उठले की हो! "म्हणजे मी चुकलो नव्हतो! ताई, मी चुकलो नव्हतो!"

मी रडायला लागले तर म्हणतात, "अगं वेडे, रडतेस काय? आधी बोलायचं नाही का? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. वाटलं, गेलं सगळं. आता घरातल्या घरात वाट चुकणार." मग एकदम आवाज चढवून, "आणि आखणीला हात लावायचा नाही, हे लहानपणापासून शिकवलंय ना तुम्हां दोघींना? तुला? चिमणीचं एक वेळ समजलो असतो!"

त्यांचं ओरडणं कानाला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

"डाळिंबासाठी केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

अर्धं खरं पुन्हा अर्धंच राहिलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर बाकीचं सांगितलं असतं. पण ते बूट शोधत होते.

१९ फेब्रुवारी

नवी आखणी. मिस्त्रीने टेप परत दिला, बाबांनी घेतला. मिस्त्रीला कारण सांगितलं नाही. म्हणाले, "जागा बदलायचं ठरलं." माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचे उपकार कधी फिटणार नाहीत.

मला शेजारी उभं केलं आणि दाखवलं. "हे बघ. खुंटी कधी एक हलवायची नसते. एक हलवली की कर्ण बिघडतो, मग सगळंच वाकडं. हलवायची तर चारी हलवायच्या."

आणि चारी हलवल्या! अख्खा चौकोन भिंतीकडे सरकवला. डाळिंब राहिलं बाहेर, आपल्या जागेवर. फक्कीच्या पांढऱ्या रेघा मी स्वतः ओढल्या, एक जरा नागमोडी झाली. बाबांनी पायाने पुसून पुन्हा ओढायला लावली.

रात्री आणखी भात? नको. बाबा, थोडा? "वाढ."

२२ फेब्रुवारी

मुरूम आला. मिस्त्री आणि त्याची बायको पसरतात, वर पाणी मारतात, धुम्मसाने ठोकतात. धप्प, धप्प, दिवसभर. कपाटातल्या कपबश्या खणखणतात. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून गेल्या, "काय ताई, महाल बांधताय का?" म्हटलं, हो, राजकन्या येणारेय.

पोटात दुखायचं थांबलंय असं समजू नये. थांबलेलं नाही. फक्त आता खुंट्यांना हात लावत नाही.

२४ फेब्रुवारी

पारदर्शक नळीत पाणी भरून बाबा पातळी बघतात. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. "वर घे. अजून. आता खाली. थांब!" आम्ही दोघं अंगणाच्या दोन टोकांना आणि मध्ये नळी. ऑफिसला उशीर झाला. चालायचंच.

मध्येच म्हणाले, "मला कुणी सांभाळलं नाही तरी मी काही लगेच मरत नाही हं, ताई."

"असं का बोलता?"

"सहज. नळी वर घे."

सहज कसलं! चिमणी येणार ना, म्हणून आता माझी गरज नाही. कामापुरती ताई.

२६ फेब्रुवारी

वायरमन आला होता. कोणी बोलावला? बाबांनी! घरातून मागे वायर नेली, खांबाच्या खड्ड्याशेजारी दोन प्लग पॉइंट.

"पंधरा दिवसांच्या पाहुणीला दोन प्लग कशाला?"

"काम करायला लागेल तिला. कॉम्प्युटर, दिवा."

"आणि मला स्वयंपाकघरात एक जादा प्लग द्या म्हणून किती वर्षं ओरडतेय मी!"

बाबांनी वायरमनला हाक मारून परत बोलावलं. "हिला स्वयंपाकघरात काय पाहिजे ते विचार आणि कर." वायरमनने विचारलं. मी म्हटलं, नको, राहू दे. तो पिशवी उचलून गेला.

२८ फेब्रुवारी

खड्डे झाले. चारी कोपऱ्यांत चार, सरळ कडांचे, मिस्त्रीने ओळंबा सोडून बघितले. मधली जमीन अशी सपाट की वर गोटी ठेवली तर हलणार नाही. सोमवारी खांब येतील. उद्या चिमणी येईल.

संध्याकाळी बाबा त्या रिकाम्या चौकोनात खुर्ची टाकून बसले. मी चहा नेला. पहिल्याच विचारण्याला घेतला! मी कपाकडे बघतच राहिले. म्हणाले, "बस की तूही." बसले. डाळिंबाची तीन फुलं गळलीत, पण दोन ठिकाणी बोंडं धरलीत.

घर मागच्या बाजूने इतकं जुनं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी इथे बसलेच नव्हते. इथे मी कपडे वाळत घालायची आणि आत जायची.

१ मार्च

आली! आणि काय घेऊन आली — टेम्पो! टेबल, फिरती खुर्ची, पुस्तकांची खोकी, मोठा दिवा, सतरंजी, दोन कुंड्या. पाहुणी म्हणून येतात त्या माणसांना पिशवी असते. हिने घरच आणलंय!

"अरे बाबा!" करून गळ्यातच पडली. बाबांचे डोळे भरले. मग माझ्या गळ्यात पडली, तर मी लाकडासारखी. म्हणाली, "ताई, किती वाळलीस." वाळेन नाही तर काय!

विचारलं तिला सरळ, "किती दिवस आहेस?" तर बाबांकडे बघते! आणि बाबा तिच्याकडे. म्हणजे काहीतरी ठरलंय, आणि मला ठाऊक नाही. मी ह्या घरात बारा महिने तेरा काळ राबायचं आणि ठरवायचं या दोघांनी!

टेबल माझ्या खोलीत ठेवलं. "मांडवाचं छप्पर होईपर्यंत" म्हणे. माझा पलंग भिंतीला सरकवला. आयत्या बिळावर नागोबा! रागाने जेवले नाही. चिमणीने विचारलं, "ताई, जेवतेस ना?" म्हटलं, "नको." तर ती म्हणाली, "बरं, झाकून ठेवते." आईची लेक शोभते का ही!

अंगण आवरलं कुणी? आखणीत टेप धरला कुणी? नळी धरली कुणी? आणि बसणार कोण? बसा. बसा सगळे. मी जाते कुठेतरी, बघा मग.

२ मार्च

बाबांनी सकाळी मागे बोलावलं. चार खड्ड्यांच्या मध्ये दोन खुर्च्या होत्या. चिमणी आतून चहा देऊन गेली, थांबली नाही.

म्हणाले, "जानेवारीत तुझ्या मॅडमचा घरी फोन आला होता. तू डॉक्टरकडे माझा रिपोर्ट आणायला गेली होतीस. म्हणाल्या, ती नको म्हणते, तुम्ही समजवा. मी काय समजावणार? तुझ्याऐवजी इथे कोण? म्हणून चिमणीला विचारलं. ती म्हणाली, येते, कायमची येते, पण बाबा, मला घरात दिवसभर कोंडून घेता येणार नाही, मागे बसायला जागा कर. म्हणून हे सगळं." काठीने चौकोन दाखवला. "सोपं नव्हतं गं. मध्ये कुणीतरी खुंटी हलवली."

मला हसूही आलं आणि रडूही.

"समुद्राकाठची जागा अजून रिकामी आहे. काल विचारलं मी. जातेस?"

"नको," मी म्हटलं.

बाबांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांनी मला नावाने हाक मारली. ताई नाही, नावाने. आणि दुसऱ्यांदा विचारलं.

हो म्हटलं.